प्रतिमा, प्रतीक, रूपक : व्याख्या पाठ आहेत, पण पुस्तक हातात घेतले की गोंधळ होतो

वाचनवेल :

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेतील आम्ही सहाजण महिन्यातून एकदा एक अभिजात कादंबरी वाचून तिच्यावर बोलतो. या महिन्यात अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही १९५२ सालची लघुकादंबरी ठरली आहे. बरेच दिवस मासा न मिळालेला सांतियागो हा म्हातारा कोळी एकटाच समुद्रात दूर जातो, एका प्रचंड माशाशी झुंजून त्याला मारतो, पण परतताना शार्क तो मासा खाऊन टाकतात, अशी तीन दिवसांची ती गोष्ट आहे. तिघेजण ती इंग्रजीतून आणि तिघेजण पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून वाचत आहेत, आणि चर्चेची सुरुवात करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

तयारी म्हणून मी साहित्यविषयक संज्ञांचा कोश समोर ठेवला आणि प्रतिमा, प्रतीक, रूपक, रूपककथा व आशयसूत्र यांच्या व्याख्या वहीत उतरवून काढल्या. व्याख्या मला समजतात. पण पुस्तकातील एखादे वाक्य समोर आले की त्याला यांपैकी कोणते नाव द्यावे हे मला ठरवता येत नाही. उदाहरणार्थ, म्हाताऱ्या सांतियागोच्या होडीच्या शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेली आहेत आणि गुंडाळून ठेवलेले ते शीड कायमच्या पराभवाच्या निशाणासारखे दिसते, असे अगदी सुरुवातीलाच येते. ही प्रतिमा आहे, प्रतीक आहे, की नुसती उपमा आहे?

दुसरी अडचण याहून खोल आहे. परीक्षार्थींसाठी काढलेल्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत समुद्र म्हणजे जीवन, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे संकटे आणि मुलगा म्हणजे आशा अशी यादीच दिलेली आहे. ती वाचून मला वाईट वाटले, कारण एवढेच जर हाती लागणार असेल तर पुस्तक वाचण्याची गरजच उरत नाही. महाविद्यालयात असताना एका उत्तरपत्रिकेत मी कवितेतील पिंपळाचा अर्थ माझ्या मनाने लावला होता आणि त्यावर तांबड्या शाईने ‘हे प्रतीक असे नाही’ एवढाच शेरा आला होता. तो कशाच्या आधारावर दिला होता हे मला कोणी सांगितले नाही, आणि तेव्हापासून अर्थ लावायची मला भीतीच बसली आहे.

शेवटचा प्रश्न असा की, या पुस्तकात प्रतीके नाहीत असे हेमिंग्वे यांनीच लिहून ठेवल्याचे मी कुठेतरी वाचले. लेखकानेच नाही म्हटल्यावर आपण शोधत बसणे योग्य आहे का?

गोदाकाठ :

वाचनवेलताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे मराठी शिकवले. तुम्ही सांगता तो गोंधळ मी दरवर्षी वर्गात पाहत आलो, आणि तो अभ्यास कमी पडल्यामुळे होत नाही. या सगळ्या संज्ञा एकाच पातळीवरच्या आहेत, म्हणून एका वाक्याला त्यांतील एकच लागू पडेल, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच अडकतो.

तुम्ही दिलेले शिडाचेच उदाहरण घेऊ. वाक्यात ‘सारखे’ आहे, शीड उपमेय आहे, निशाण उपमान आहे, म्हणजे दहावीच्या व्याकरणाप्रमाणे ही उपमा झाली. ‘ते शीड म्हणजे पराभवाचे निशाणच’ असे लिहिले असते तर रूपक झाले असते. उपमा आणि रूपक ही वाक्याच्या रचनेची नावे आहेत. प्रतिमा हे नाव त्या वाक्याने वाचकाच्या मनात काय उमटले त्याला द्यायचे. पोत्याचे ते जाडेभरडे कापड, त्याची ठिगळे, काठीभोवतीची गुंडाळी हे डोळ्यांना दिसते आणि बोटांना जाणवते, म्हणून तीच उपमा प्रतिमाही आहे. या दोन्ही नावांत भांडण नाही.

प्रतीक कोणते हे मात्र एका वाक्यावरून ठरत नाही, त्यासाठी पुस्तकभर चालावे लागते. या शिडाची जी डोलकाठी आहे तिच्याबरोबर चालून पाहा. पहिल्या संध्याकाळी म्हातारा ती खांद्यावर घेऊन घरी निघतो. दोरांची पेटी, गळाची आकडी आणि भाला हे सामान मनोलिन नावाचा मुलगा उचलतो. घरात आल्यावर कळते की डोलकाठी जवळजवळ त्या खोपटाच्या एकुलत्या एका खोलीएवढी लांब आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात तीच काठी पुन्हा किनाऱ्याकडे निघते, आणि इथे लेखक एक फार महत्त्वाची गोष्ट सांगून जातो, ती म्हणजे त्या रस्त्याने अनवाणी माणसे आपापल्या होड्यांच्या डोलकाठ्या खांद्यावर घेऊन चाललेली असतात. म्हणजे हे ओझे एकट्या सांतियागोचे नाही, तो त्या गावचा रोजचा रिवाज आहे.

आता शेवटाकडे या. मोठा मार्लिन मासा शार्कांनी खाऊन टाकला आहे आणि होडीला नुसता सांगाडा बांधलेला आहे. मध्यरात्र उलटून गेली आहे, बंदरावर मदतीला कोणी नाही. म्हातारा डोलकाठी उतरवतो, शीड तिच्याभोवती गुंडाळून बांधतो, ती खांद्यावर घेतो आणि चढण चढू लागतो. मध्येच थांबून मागे बघतो तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्या माशाचे प्रचंड शेपूट होडीमागे उभे दिसते. वर चढल्यावर तो पडतो आणि खांद्यावर काठी तशीच ठेवून काही वेळ पडून राहतो. पलीकडून एक मांजर आपल्या कामाला निघून जाते आणि तो तिच्याकडे पाहत राहतो. खोपटापर्यंत पोहोचायच्या आत त्याला पाच वेळा खाली बसावे लागते.

काठी तीच, वाट तीच, शीडही तेच. पहिल्या संध्याकाळी सोबत होता तो मुलगा नाही, पहाटेची ती माणसे नाहीत, अंगात बळ नाही. या प्रसंगात पराभवाच्या निशाणाचा साधा उल्लेखही नाही, तरीही सुरुवातीची ती उपमा तुम्हाला इथे आठवल्यावाचून राहत नाही. एखादी वस्तू अशी पुन्हा पुन्हा येते तेव्हा तिच्या येण्याला आशयसूत्र म्हणतात, आणि येताना दर वेळी ती मागचे काहीतरी बरोबर घेऊन येऊ लागली, तिचे वजन वाढू लागले, की ती प्रतीक झाली असे म्हणता येते. तरीही ती शेवटपर्यंत लाकडाची काठीच राहते. तिचे वजन खांद्याला खरोखर लागते म्हणूनच बाकीचे सारे मनाला लागते.

मी मुलांना सांगत असे की, कोणत्याही वस्तूला प्रतीक म्हणण्यापूर्वी ती कुठे कुठे आली त्या पानांवर खूण करा, आणि तुम्ही लावलेला अर्थ त्यातील एखाद्या ठिकाणी अडतो का ते प्रामाणिकपणे तपासा. याचे एक उदाहरण देतो. म्हाताऱ्याला ८४ दिवस मासा मिळालेला नाही आणि त्यातील पहिले ४० दिवस मुलगा त्याच्याबरोबर होता. येशूने रानात ४० दिवस उपास केला होता, म्हणून पुष्कळजण हा आकडा बायबलशी जोडतात. जोडायला हरकत नाही. पण हाच मुलगा थोड्या वेळाने आठवण करून देतो की, पूर्वी एकदा तुम्हाला ८७ दिवस मासा मिळाला नव्हता आणि नंतर आपण तीन आठवडे रोज मोठे मासे पकडले होते. ज्याला ४० मध्ये गूढ अर्थ दिसतो त्याने ८७ चे काय करायचे ते सांगितले पाहिजे. मला विचाराल तर ८७ हा कोळ्याच्या पोराचा हिशेब आहे, आणि म्हाताऱ्याला धीर देण्यासाठी त्याने तो जपून ठेवला आहे. मला स्वतःला या पुस्तकातील कोणत्याही धर्मसंदर्भापेक्षा तो अधिक हलवून जातो.

तुमच्या पिंपळावरचा शेरा देणाऱ्याने निदान कवितेतील एखादी ओळ दाखवायला हवी होती. ओळ न दाखवता अर्थ लावणे जितके अपुरे, तितकेच ओळ न दाखवता तो खोडणेही अपुरे.

दर्याकिनारा :

मी कोळ्याच्या घरातली आहे. वडील होडीवर होते, म्हणून हे पुस्तक मी आधी मासेमारीचे पुस्तक म्हणून वाचले, आणि अजूनही तसे वाचणे हाच पहिला टप्पा असावा असे मला मनापासून वाटते.

सांतियागो दोर होडीला बांधून का टाकत नाही, याचा विचार चर्चेत जरूर करा. मासा होडीपेक्षा दोन फूट लांब आहे. दोर घट्ट बांधला तर एका हिसक्याने तुटेल. दोराला कुठेतरी ढील मिळाली पाहिजे, आणि ती देण्यासाठी त्याच्याकडे स्वतःच्या शरीराशिवाय काही नाही. म्हणून तो दोर पाठीवरून घेतो, मासा ओढेल तसा हातातून सोडतो, तळवा कापला जातो, डावा हात आखडून पंज्यासारखा मिटतो. माणूस आणि मासा एकमेकांना जोडले गेले आहेत वगैरे जे लिहिले जाते ते खरेच आहे, परंतु ते आधी दोराच्या ताणाचे गणित आहे. विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीला हे माझ्यापेक्षा चांगले मांडता येईल.

समुद्राविषयी. म्हातारा समुद्राला स्पॅनिशमध्ये ‘ला मार’ म्हणजे स्त्रीलिंगी म्हणतो. देणारी आणि कधी हात आखडता घेणारी बाई म्हणून तिच्याकडे बघतो. शार्कच्या यकृताला चांगला भाव आला तेव्हा ज्यांनी मोटारबोटी घेतल्या ते तरुण कोळी मात्र ‘एल मार’ असे पुल्लिंगी म्हणतात आणि त्याला प्रतिस्पर्धी किंवा शत्रू समजतात. मराठीत समुद्र, सागर, दर्या हे सगळे पुल्लिंगी आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा फरक कानाने लागत नाही, तो थांबून समजून घ्यावा लागतो. नदीला आपण माई म्हणतो आणि ती कधी देते, कधी घरदार घेऊन जाते हे जाणतो; सांतियागोचा समुद्र त्या नात्यातला आहे. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तेव्हा तोही शत्रूला दिलेला नसतो. ‘समुद्र म्हणजे जीवन’ असे लिहून टाकले की एकाच पाण्याकडे बघणाऱ्या या दोन पिढ्या आणि मधली ती मोटारबोट, सगळेच निसटते.

आणखी एक गोष्ट मराठी अनुवादाच्या शीर्षकाची. ‘एका कोळियाने’ वाचल्याबरोबर आमच्या आजीच्या तोंडी असलेली जुनी कविता आठवते. एका कोळियाने उंच जागी जाळे बांधले आणि तो पुन्हा पुन्हा पडत राहिला, अशी ती कविता आहे. त्या कवितेतील कोळी आठ पायांचा, या गोष्टीतील कोळी दोन पायांचा. पडून पुन्हा चढण्याचा सगळा अर्थ त्या एका श्लेषाने आला आहे, आणि हे बळ मूळ इंग्रजी शीर्षकात नाही. श्लेष हीसुद्धा संज्ञाच, तुमच्या वहीत तिलाही जागा द्या.

शब्दवेध :

लेखकाने नाकारण्याच्या प्रश्नाविषयी लिहितो. हेमिंग्वे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना एक पत्र लिहिले होते. समुद्र हा समुद्र आहे, म्हातारा हा म्हातारा, मुलगा हा मुलगा आणि मासा हा मासा आहे, शार्क हे सगळे शार्कच आहेत, अधिक चांगले नाहीत की वाईट नाहीत, असे त्यात आहे, आणि लोक ज्या प्रतीकांविषयी बोलतात त्यांची त्यांनी शिवी घालून वासलात लावली आहे. हा भाग सगळीकडे उद्धृत होतो. पण त्याला लागूनच, जाणून घेतल्यावर तुम्हाला पलीकडचे जे दिसते तेच पलीकडे असते, अशा आशयाचे एक वाक्य येते, ते बहुतेक ठिकाणी गाळले जाते. पत्र पूर्ण वाचले तर त्यांचा राग अर्थावर नसून यादीवर आहे हे कळते. १९३२ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनीच लिहिले होते की, हिमनगाच्या चालीला भारदस्तपणा येतो तो त्याचा केवळ एक अष्टमांश भाग पाण्याबाहेर असल्यामुळे. उरलेले सात भाग नाहीतच असे म्हणणारा लेखक हे लिहिणार नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी आणि फार नेमका केला आहे, म्हणून इंग्रजी संज्ञांबरोबर तोही शिकावा असा माझा आग्रह आहे. ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे वाक्य पाहा. वाहत्या पाण्यावर वस्ती असू शकत नाही, त्यामुळे मूळ अर्थाला बाध येतो आणि आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. ही लक्षणा. परंतु ‘काठावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे त्या वस्तीची शीतलता आणि पावित्र्य सुचते, ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिताना पुढे जाऊन सांगितले की, ध्वनीचा, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचा, एक प्रकार असा असतो ज्यात वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, बाधित होतच नाही. तो विवक्षित असतो, म्हणजे बोलणाऱ्याला खरोखर अभिप्रेत असतो, आणि तसा राहूनच तो दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतो. त्याचे नाव विवक्षितान्यपरवाच्य. नाव उच्चारायला अवघड आहे, पण गोदाकाठ यांनी सांगितलेली ती लाकडाची डोलकाठी याहून नेमकेपणाने कोणत्याही संज्ञेत बसत नाही.

रूपककथेचा भेदही इथेच स्पष्ट होतो. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४५ सालच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये नेपोलियन नावाचे डुक्कर स्टालिनच्या जागी आहे. तिथे पात्रे आणि घटना रशियन इतिहासाशी बऱ्याच अंशी जोडून दाखवता येतात, आणि लेखकाने ती जोडण्यासाठीच रचलेली आहेत. अशा पुस्तकाला यादी चालते. तुमच्या मार्गदर्शक पुस्तिकेने हेमिंग्वे यांच्या पुस्तकाला रूपककथा समजून यादी केली, ही तिची चूक आहे.

तरीही ख्रिस्ताचा संदर्भ झटकून टाकता येत नाही, आणि येथे मी गोदाकाठ यांच्याशी थोडा असहमत आहे. शार्कांची दुसरी खेप येते तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडून ‘आय’ असा उद्गार निघतो. या शब्दाचे भाषांतर होऊ शकत नाही, कदाचित हातातून आरपार लाकडात खिळा जाताना माणसाच्या तोंडून नकळत निघेल तसा तो आवाज असेल, असे निवेदक स्वतः सांगतो. तो खिळा वाचकाने आणलेला नाही. शेवटी म्हातारा वर्तमानपत्रांवर पालथा झोपतो तेव्हा त्याचे हात सरळ पसरलेले आणि तळवे वर केलेले आहेत, हेही पानावर लिहिलेले आहे. म्हणून क्रुसाची छाया तेथे आहे असे मी ठामपणे म्हणेन. सांतियागो म्हणजे ख्रिस्त, असे समीकरण मात्र मी लिहिणार नाही, कारण जागा झाल्यावर तो मुलाबरोबर नव्या भाल्याचा बेत करतो, आणि त्याचे पाते जुन्या फोर्ड गाडीच्या पाट्याच्या स्प्रिंगचे करून घ्यायचे असे सुचवतो. त्या समीकरणात ही स्प्रिंग कुठेच बसत नाही, आणि पुस्तकाला तर ती हवी आहे.

गोदाकाठ :

शब्दवेध, ‘आय’ या उद्गाराविषयी आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप आकड्यापुरता होता.

वाचनवेलताई, आता सिंह तुमच्याकडे सोपवतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सिंह म्हाताऱ्याच्या स्वप्नात येतात. ते कुठे कुठे येतात त्यावर खूण करा आणि काय दिसले ते येथे लिहा.

वाचनवेल :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री बसून सिंहांच्या जागी पेन्सिलीने खुणा केल्या. मुलाशी बोलताना म्हातारा सांगतो की, तुझ्या वयाचा असताना मी जहाजावर काम करत आफ्रिकेला गेलो होतो आणि तेव्हा संध्याकाळी किनाऱ्यावर सिंह पाहिले होते. पुढे समुद्रावर जाण्याच्या आदल्या रात्री ते स्वप्नात येतात, मग भर समुद्रात दोर धरून डोळा लागतो तेव्हा येतात, आणि पुस्तकाचे शेवटचे वाक्यही त्यांच्याच स्वप्नाचे आहे.

मी आधी ‘सिंह म्हणजे गेलेले तारुण्य आणि शक्ती’ असे लिहिले होते. मग हा अर्थ कुठे अडतो ते पाहिले, आणि तो पहिल्याच स्वप्नात अडला. तिथे स्पष्ट सांगितले आहे की त्याला आता वादळांची, स्त्रियांची, मोठ्या माशांची, मारामाऱ्यांची किंवा ताकदीच्या झुंजींची स्वप्ने पडत नाहीत. शक्ती हवी असती तर ही स्वप्ने गेली नसती. सिंहसुद्धा शिकार करत नाहीत, ते तिन्हीसांजेला मांजराच्या पिलांसारखे खेळतात, आणि म्हातारा मुलावर प्रेम करतो तसे त्यांच्यावर करतो, असे वाक्यच आहे. जो प्राणी आपण सगळीकडे पराक्रमासाठी वापरतो तो येथे खेळतो आहे. शेवटच्या दोन-तीन वाक्यांत म्हातारा झोपलेला आहे, मुलगा शेजारी बसून त्याच्याकडे पाहत आहे आणि आत सिंह आहेत. एका शब्दात याला काय नाव द्यावे ते मला सांगता येत नाही, पण कोणत्या ओळींवरून हे म्हणते ते सांगता येते. पिंपळाच्या त्या उत्तरात मी कवितेची एकही ओळ आधाराला घेतली नव्हती, हे मात्र मला आता आठवते.

दोराच्या ताणाचे गणित मी फळ्यावर मांडून दाखवणार आहे, दर्याकिनारा. पण सुरुवात शेवटच्या आधीच्या प्रसंगाने करीन. दुसऱ्या दिवशी दुपारी उपाहारगृहातील एक प्रवासी बाई पाण्यात कचऱ्याबरोबर हेलकावणारा तो पांढरा, लांबच लांब कणा पाहते आणि हे काय आहे असे विचारते. काय घडले ते वेटर मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागतो आणि त्याच्या तोंडून शार्क हा शब्द येतो. बाईला वाटते की हा सांगाडा शार्कचाच, आणि शार्कचे शेपूट इतके देखणे, इतके सुबक असते हे मला माहीत नव्हते, असे ती म्हणते. तिच्यासमोर १८ फुटांचा मार्लिन आहे, शेपूट देखणे आहे हेही तिला बरोबर दिसले आहे, आणि ते तीन दिवस तिने पाहिलेले नाहीत. हा उतारा मोठ्याने वाचून झाल्यावर मी सहकाऱ्यांना एवढेच विचारणार आहे की, त्या बाईला नेमके काय दिसले?